घोड्याच्या जागीं आलेलें वाहन



दोनएक महिन्यांपूर्वीं माझ्या पुतण्याचें मला पत्र आलें. तो गेलीं बारा वर्षें विलायतेंत, वेल्स प्रांतांत राहतो. तेथें एका टेकडीच्या उतारावर त्यानें सात एकर जमीन घेतली आहे. थोडा भाजीपाला, दहाबारा मेंढ्या आणि मुलीच्या हौसेखातर पाळलेले दोन घोडे, असा त्याचा पसारा आहे. पत्रांत तो लिहितो, "काका, घोड्यांच्या कुरणांतली लीद उचलावी लागते, गवताच्या गासड्या चढावर न्याव्या लागतात, कुंपणाचे खांब वाहावे लागतात. पाऊस पडला कीं हातगाडी चिखलांत रुतते. इकडे अशा कामासाठीं लोक चार चाकांची फटफटी घेतात. तिला क्वाड म्हणतात. कोणती घ्यावी, किती अश्वशक्तीची घ्यावी, हें कोणी नीट सांगत नाहीं. जो तो आपलाच माल चांगला म्हणतो. तुम्हीं सारा जन्म मुलांना इतिहास शिकविलात; या बाबतींत इतिहास कांहीं सांगतो काय?" पत्राच्या तळाशीं आणखी एक ओळ होती : "तुमची नात अकरा वर्षांची झाली. गाडी आली कीं मीच चालवीन, असें ती आतांपासून म्हणते."

ही शेवटची ओळ वाचल्यावर मला तें पत्र सहजासहजीं बाजूला ठेवतां येईना. यंत्रांतलें मला फारसें कळत नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि नोकरी शाळामास्तराची. परंतु पुतण्यानें विचारलेला प्रश्न नुसता यंत्राचा नाहीं. कोणतीहि नवी वस्तु घरांत येते ती कोणत्या तरी जुन्या वस्तूच्या जागीं येते. ती जुनी वस्तु कोणकोणतीं कामें करीत होती, त्यांतलीं कोणतीं नव्या वस्तूनें उचललीं आणि कोणतीं तशींच टाकून दिलीं, हें ज्यानें पाहिलें त्याची निम्मी निवड झाली, असें मला वाटतें. म्हणून त्याला मीं जें उत्तर लिहिलें, तेंच आज थोड्या विस्तारानें आपल्यापुढें ठेवीत आहें.

आपल्याकडे शेत म्हटलें कीं बैल डोळ्यांपुढें येतो. इंग्लंड-वेल्सकडे गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तें स्थान घोड्याचें होतें. १९०८ सालीं तिकडे लहान शेतांचा एक कायदा झाला. त्यानें परगण्यांच्या मंडळांना जमीन मिळवून ती लहान शेतकऱ्यांना देण्याचा अधिकार दिला. एक एकराहून अधिक आणि पन्नास एकरांपर्यंत, अशी लहान शेताची मर्यादा त्या कायद्यांत सांगितली होती. पुढें पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, रणांगणावरून परतलेल्या सैनिकांना अशीच जमीन देण्यासाठीं दुसरा कायदा करण्यांत आला. अशा लहान शेतावर एक किंवा फार तर दोन घोडे असत. घोडा नांगर ओढी, दंताळें ओढी, गवत वाही, आणि बाजाराच्या दिवशीं गाडीलाहि तोच जुंपला जाई. त्याच्या दाण्यासाठीं आणि गवतासाठीं शेताचा एक मोठा तुकडा मात्र कायमचा गुंतून पडे. काम असो वा नसो, घोड्याला रोज खावयास घालावेंच लागे. यंत्र काम नसतां खात नाहीं, आणि लहान शेतकऱ्याचें मन यंत्राकडे वळण्याचें एक मोठें कारण हेंच होतें.

परंतु घोडा आणखी एक काम करी, आणि तें कोणाच्याहि हिशेबांत धरलेलें नव्हतें. ही गोष्ट मला पुस्तकांत सांपडली नाहीं. ती मीं लहानपणीं पाहिली आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाजारच्या गांवाहून वडिलांबरोबर बैलगाडीनें परत येत होतों. पावसाळ्याचे दिवस, अंधार पडलेला, आणि दिवसभराच्या श्रमानें वडिलांना डुलकी लागलेली. ओढ्याच्या अलीकडे बैल एकाएकीं थांबले. वडिलांनीं जागें होऊन कासरा हालविला, शेपट्या पिळल्या, परंतु बैल पाय उचलीनात. शेवटीं कंदील घेऊन ते खालीं उतरले. पुढें चार हातांवर रस्त्याची कड पाण्यानें वाहून गेली होती, आणि खालीं ओढा गर्जत होता. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दोन्ही बैलांच्या पाठीवर हात फिरविला आणि गाडी माघारीं वळविली.

ओढणें हें जनावराचें एक काम. पाय कोठें टाकावा आणि कोठें टाकूं नये हें ठरविणें हें दुसरें. घोड्याच्या जागीं जीं जीं वाहनें आलीं, त्यांनीं पहिलें काम उचललें. दुसरें काम चालविणाऱ्या माणसाच्या माथीं आलें, आणि तें आपल्या माथीं आलें आहे हें पुष्कळांना फार उशिरा कळलें. या वाहनांचा सारा इतिहास मला या एका वाक्यांत दिसतो.

पुतण्यानें किती अश्वशक्तीची गाडी घ्यावी असें विचारलें आहे, तर आधीं त्या शब्दाकडेच पाहूं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जेम्स वॉट वाफेचीं एंजिनें विकूं लागला, तेव्हां हें एंजिन किती घोड्यांचें काम करील, असें गिऱ्हाईक साहजिकच विचारी. वॉटनें एका घोड्याचें काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरलें. म्हणजे ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलण्याइतकें. हें माप संथपणें, सतत काम करणाऱ्या घोड्याचें आहे. खरा घोडा गाडी रुतली असतां थोडा वेळ याच्या अनेक पट जोर लावतो, गाडी बाहेर काढतो, आणि पुन्हां आपल्या चालीनें चालूं लागतो. यंत्राबरोबर जो अश्वशक्तीचा आंकडा छापून येतो, तो एंजिन पुऱ्या वेगानें फिरत असतांनाचा असतो. माणसाच्या चालीनें, चिखलांतून, मागें दंताळें बांधून जावयाचें असतां त्या आंकड्याचा उपयोग थोडा. तेथें चाकें जमिनीला कितपत धरतात, आणि यंत्र तापल्याशिवाय सावकाश चालूं शकतें कीं नाहीं, हें पाहावें लागतें. घोड्याच्या नांवानें ओळखलें जाणारें हें माप घोड्याच्याच कामाला अपुरें पडतें.

घोड्याच्या जागीं मोठ्या संख्येनें आलेलें पहिलें यंत्र म्हणजे ट्रॅक्टर. १९१७ सालीं हेन्री फोर्ड यानें 'फोर्डसन' नांवाचा ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. तो त्या काळच्या मानानें हलका आणि स्वस्त होता. नांगर त्याच्या मागें घोड्याच्या नांगरासारखाच नुसता जोडलेला असे. नांगराचा फाळ एखाद्या मोठ्या दगडांत किंवा झाडाच्या मुळांत अडकला तर घोडा थांबतो. त्याला गळपट्ट्यावर ओढ कळते. फोर्डसनला ती कळत नसे. एंजिन जोर लावीतच राही, मागचीं चाकें पुढें जाऊं शकत नसत, आणि मग ट्रॅक्टरचें तोंडच वर उठून तो चालविणाऱ्यासह मागें उलटे. अशा रीतीनें अनेक शेतकरी प्राणांस मुकले.

त्याच सालीं आयर्लंडच्या शेतकी खात्यानें हॅरी फर्ग्युसन नांवाच्या एका यंत्रज्ञाला देशांतील ट्रॅक्टरांचें काम कसें चालतें तें पाहण्यास सांगितलें. फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८८४ चा. शेतोशेतीं हिंडतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, दोष एकट्या ट्रॅक्टरचा नाहीं किंवा एकट्या नांगराचाहि नाहीं; दोष दोघांच्या जोडणींत आहे. त्यानें नांगर तीन दांड्यांनीं ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडला आणि तो तेलाच्या दाबानें वरखालीं होईल अशी योजना केली. नांगराला अडथळा झाला कीं वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढें रेटी, त्यामुळें त्याचें तोंड वर न उठतां खालीं दबे. घोड्याला गळपट्ट्यावर जी ओढ कळे, तिचा थोडासा अंश यंत्राला प्रथम या जोडणीनें कळूं लागला, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. या पद्धतीचा त्याचा ट्रॅक्टर १९३६ सालीं बाजारांत आला. १९३८ सालीं त्यानें हेन्री फोर्डशीं करार केला, तोहि केवळ हातांत हात देऊन. पुढें १९४६ पासून १९५६ पर्यंत कॉव्हेंट्री येथील कारखान्यांत त्याचे राखी रंगाचे लहान ट्रॅक्टर पांच लाखांहून अधिक तयार झाले. इंग्लंड-वेल्समधील लहान शेतांवरचा घोडा त्याच सुमारास झपाट्यानें नाहींसा झाला.

ट्रॅक्टरनें नांगरट केली. पण शेतावरचीं किरकोळ कामें तशींच राहिलीं. दुधाचे डबे रस्त्यापर्यंत नेणें, मेंढ्यांना गवत टाकणें, खांब आणि तारा वाहणें, हीं कामें पूर्वीं हलक्या गाडीचा घोडा करी. तीं उचलण्यासाठीं जें वाहन आलें तें शेतासाठीं जन्मलेलेंच नव्हतें. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें एका हलक्या, चारहि चाकांना जोर पोंचणाऱ्या गाडीची मागणी केली. बॅन्टम नांवाच्या एका लहान कंपनीनें त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें नमुना करून दिला. पुढें विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनीं युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. हीच जीप. युद्ध संपतांच, १९४५ सालीं, विलिस कंपनीनें तिची मुलकी आवृत्ति काढली आणि ती शेतकऱ्यांपुढें ठेवली. दिवसा नांगर ओढा, संध्याकाळीं तिच्यांतूनच बाजाराला जा, असा तिचा डौल होता. आपल्या मुंबईतहि १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलिस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. परंतु आपल्याकडे जीप शेतांत शिरली नाहीं. ती मामलेदाराची, जंगलखात्याची आणि निवडणुकीची गाडी झाली. शेतांत बैलच राहिला.

वेल्समध्यें निराळें घडलें, आणि तें माझ्या पुतण्याच्या गांवापासून फार लांब घडलेलें नाहीं. मॉरिस विल्क्स हे रोव्हर मोटार कंपनीचे मुख्य यंत्रज्ञ. वेल्सच्या वायव्येस अँग्लसी नांवाचें बेट आहे, तेथें त्यांची शेती होती. त्या शेतावर ते लष्करानें विकून टाकलेली एक जुनी जीप वापरीत. ती जुनी झाली, आणि तिच्या जागीं घेण्यासारखें दुसरें कांहीं बाजारांत दिसेना. तेव्हां १९४७ सालीं आपला भाऊ स्पेन्सर याच्याशीं बोलतांना त्यांनीं अँग्लसीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूंतच नव्या गाडीची आकृति काढून दाखविली, अशी हकीकत सांगितली जाते. १९४८ सालच्या एप्रिलच्या अखेरीस अ‍ॅम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनांत 'लँड रोव्हर' लोकांपुढें आली. पोलादाची टंचाई असल्यामुळें तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचें केलें होतें. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्यें अंतर अवघें ८० इंच. आणि एंजिनाचा जोर बाहेर काढून त्यावर इतर यंत्रें चालवावीं अशी सोय. कंपनीनें ती चार दिवसांची अडचण भागविण्यासाठीं काढली होती. परंतु तिच्या मूळ घाटाची शेवटची गाडी कारखान्यांतून बाहेर पडली ती २०१६ च्या जानेवारींत. आणि तोंपर्यंत वीस लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. विल्क्स यांनीं आपल्या शेताचें काम पाहिलें, आणि त्यावरून गाडी ठरविली. आज गाडी घेणारा बहुधा उलट करतो. तो गाडी पाहतो, आणि मग ती काय काय करील याचीं स्वप्नें रचतो.

लँड रोव्हर मोठी होत गेली, महाग होत गेली. आणि ओल्या कुरणांत तिचें वजन जड पडूं लागलें. अशा वेळीं आजच्या क्वाडची थोरली बहीण जन्मास आली. तिचा जन्म शेताच्या गरजेपोटीं झाला नव्हता, तर दुकानदारांच्या गरजेपोटीं झाला होता. अमेरिकेंत हिवाळ्यांत फटफट्यांचा खप मंदावे, म्हणून होंडा कंपनीच्या तेथील विक्रेत्यांनीं त्या दिवसांत विकतां येईल असें कांहीं तरी मागितलें. जपानमधील ओसामु ताकेउचि या यंत्रज्ञानें तीन चाकांची एक गाडी तयार केली. तिचे टायर फुग्यासारखे, रुंद आणि अगदीं कमी हवेचे. त्यामुळें ती वाळूवर आणि बर्फावर रुतत नसे. १९७० सालीं ती अमेरिकेंत विकण्यास आली. एंजिन ८९ घन सेंटिमीटरचें, जोर सात अश्वशक्तींचा. आरंभीं ती केवळ करमणुकीची वस्तु होती. परंतु शेतकऱ्यांनीं तिच्यांतली खुबी ओळखली. जमिनीवर तिचा दाब थोडा, तेल थोडें, आणि ज्या अरुंद वाटेनें घोडा जाई त्या वाटेनें ती जाई. १९८२ पर्यंत पुढेंमागें सामान ठेवण्याच्या जाळ्या लावलेली गाडीहि निघाली.

तीन चाकांच्या गाडीचा दोष मात्र तिच्या आकारांतच होता. पुढें एकच चाक. वळतांना किंवा आडव्या उतारावर ती सहज कलंडे. १९८२-८३ च्या सुमारास सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी काढली, आणि १९८६ सालीं होंडानें चारहि चाकांना जोर देणारी गाडी आणली. अमेरिकेंत अपघातांची संख्या इतकी वाढली कीं, तेथील ग्राहक-सुरक्षा मंडळानें कारखानदारांवर दावा केला. १९८८ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें मंजूर केलेल्या तडजोडीनें नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. म्हणून कोठें एखादी जुनी तीनचाकी स्वस्तांत मिळाली, तरी ती स्वस्त समजूं नये.

चार चाकें आल्यानें धोका कमी झाला, पण टळला नाहीं. क्वाडची बैठक लांब असते, म्हणून ती दोघांची आहे असें पाहणाऱ्यास वाटतें. तें खरें नाहीं. ती एकाचीच असून, चालविणाऱ्याला पुढेंमागें आणि डावीउजवीकडे सरकतां यावें यासाठीं लांब ठेवलेली असते. चढावर अंग पुढें टाकावें लागतें, उतरणीवर मागें न्यावें लागतें, आडव्या उतारावर चढाच्या बाजूस झुकावें लागतें. घोड्याचा तोल घोडा सांभाळतो; क्वाडचा तोल स्वाराच्या अंगावर असतो. मागें दुसरा माणूस बसला कीं स्वाराला सरकण्यास जागाच उरत नाहीं. लहान मुलाच्या अंगीं तर त्या गाडीचा तोल फिरविण्याइतकें वजनच नसतें. आणि गाडी उलटली म्हणजे सहाशे-सातशे पौंडांचें ओझें अंगावर येतें.

उलटणाऱ्या यंत्राचा प्रश्न ट्रॅक्टरच्या बाबतींत एका देशानें सोडवून दाखविला होता. स्वीडननें १९५९ पासून प्रत्येक नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोंवतीं मजबूत सांगाडा बसविण्याची सक्ति केली, आणि ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढील काळांत अत्यंत घटली. तीच कल्पना हलक्या वाहनांत आली ती १९८८ सालीं. कावासाकी कंपनीनें शेजारीं-शेजारीं बसावयाची, मोटारीसारखें चक्र असलेली, वर सांगाडा आणि मागें सामानाची पेटी असलेली गाडी काढली. तिचें नांव त्यांनीं 'म्यूल', म्हणजे खेचर, असें ठेवलें. जनावराची जागा घेणाऱ्या यंत्राला अखेर जनावराचेंच नांव मिळालें! तिच्यांत अंग झुकविण्याची गरज नाहीं. मात्र कमरेचा पट्टा बांधला नाहीं, तर तो सांगाडा असून नसल्यासारखा. ऑस्ट्रेलियानें २०१९ सालीं क्वाडसाठीं नियम केले, आणि ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतीच्या व सामान्य उपयोगाच्या प्रत्येक नव्या क्वाडवर स्वाराच्या रक्षणाचें साधन असलेंच पाहिजे असें ठरविलें. कांहीं मोठ्या कंपन्यांनीं हा नियम पाळण्यापेक्षां त्या देशांत क्वाड विकणेंच थांबविलें. यावरून हा वाद किती खोल आहे तें दिसतें.

आतां पुतण्याच्या सात एकरांकडे वळूं. त्याला मीं लिहिलें तें असें.

पहिली गोष्ट मुलीची. ब्रिटनमध्यें १९९८ च्या नियमांप्रमाणें तेरा वर्षांखालील मुलाला शेतीच्या कामांत असें यंत्र चालवितां येत नाहीं, आणि त्यावर बसतांहि येत नाहीं. नियम नसता तरी मीं हेंच सांगितलें असतें. तिच्या हातीं लगाम दे. चक्र अजून नको.

दुसरी गोष्ट जमिनीची. गाडी पाहण्यापूर्वीं सगळें शेत पायीं चालून पाहा. एकदां कोरड्या दिवशीं, एकदां पावसांत. जेथें तुझा स्वतःचा पाय घसरतो, जेथें खड्डा किंवा बांधाची कड गवतानें झांकली आहे, तेथें खुंट्या ठोक. त्या खुंट्यांच्या पलीकडे यंत्र न्यावयाचें नाहीं, असा निश्चय गाडी घेण्यापूर्वीं होऊं दे. गाडी दारांत आल्यावर तो होत नाहीं.

तिसरी गोष्ट ओझ्याची. तुझ्या कामांची यादी कर आणि प्रत्येकापुढें वजन लिही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ओली लीद भरलेली गाडी तुला वाटते त्यापेक्षां जड असते. चढावर ओझें नुसतें ओढावें लागतें. उतारावर तें मागून ढकलतें, आणि हलक्या क्वाडला मागच्या गाडीनें ढकललें म्हणजे ब्रेक पुरे पडत नाहींत. तेव्हां कारखान्यानें सांगितलेली ओढण्याची मर्यादा सपाट जमिनीसाठीं आहे कीं उतारासाठीं, हें विचार. आणि एंजिनाच्या ओढीनें गाडी सावकाश उतरते कीं नाहीं, हें तिच्यावर बसून पाहा.

चौथी गोष्ट गतीची आणि हिरवळीची. कुरणांत दंताळें फिरवावयाचें तें माणसाच्या चालीनें. ज्या गाड्यांत जोर पट्ट्यावरून चाकांकडे जातो, त्यांना सावकाश चालण्यासाठीं निराळा खालचा गिअर असलाच पाहिजे. नाहींतर पट्टा तापून जातो. ज्या गाडीचीं मागचीं दोन चाकें एकाच आंसावर पक्कीं बसविलेलीं असतात, ती वळतांना एक चाक फरफटत नेते आणि ओल्या हिरवळीची साल काढते. टायरांतली हवा अवघी चारसहा पौंडांची असते. ती दोन्ही बाजूंस सारखी नसली तर गाडी एकीकडे ओढ घेते. म्हणून कमी दाबाचें माप जवळ ठेव आणि आठवड्याला पाहत जा.

हें सगळें जुळवून पाहिल्यावर मला असें दिसतें : तुझें बहुतेक काम फाटकापासून तबेल्यापर्यंतच्या मऊ उताराचें आहे. तेथें सांगाडा आणि पट्टा असलेली, शेजारीं बसावयाची लहान गाडी बरी. ती क्वाडपेक्षां जड, म्हणून भर पावसाळ्यांत एकाच वाटेनें ने आणि त्या वाटेवर खडी टाक. विजेवर चालणारी मिळाली तर घोडे बिचकणार नाहींत. परवडत नसेल, किंवा फाटकें अरुंद असतील, आणि क्वाडच घ्यावी लागली, तर आधीं रीतसर शिक्षण घे, शिरस्त्राण घाल, आणि जाळीवर मुलीला कधीं बसवूं नको. अश्वशक्तीचा आंकडा मात्र सर्वांत शेवटीं पाहा.

आणि खुंट्यांपलीकडल्या चढाचें काय? त्याचें उत्तर तुझ्याच दारांत उभें आहे. वेल्सचा कॉब घोडा हा पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राबलेल्या जातीचा. आज तुझे दोन घोडे खातात, आणि त्यांची लीद उचलण्यासाठीं तूं यंत्र शोधतोस. ज्याच्या जागीं यंत्र आलें, त्याचीच चाकरी आतां यंत्राला करावी लागत आहे! दोघांपैकीं एखादा शांत स्वभावाचा असेल, तर जाणत्या माणसाकडून त्याला हलकें साखळीचें दंताळें ओढण्यास शिकव.

हें पत्र पाठवून तीन आठवडे झाल्यावर त्याचें उत्तर आलें. त्यानें अजून गाडी घेतलेली नाहीं. तो लिहितो, "काका, आम्ही दोघे बापलेक पावसांत शेत फिरून आलों. मीं सोळा खुंट्या ठोकल्या. मुलीनें आणखी तीन ठोकावयास लावल्या. ती घोडा घेऊन तेथून जातांना घोडा दर वेळीं बाजूला सरतो, असें ती म्हणाली. मीं गवत बाजूला करून पाहिलें. खालीं जुन्या चराची कड खचलेली होती."

तें वाचतांना मला ओढ्याकांठीं थांबलेले आमचे बैल आठवले. गाडी कोणती घ्यावी हें तो आतां ठरवील; कोठें न्यावयाची नाहीं, हें त्याच्या मुलीनें त्याला सांगितलें आहे, आणि तिला तें घोड्यानें सांगितलें आहे. श्रोत्यांपैकीं कोणाच्या दारीं, येथें किंवा परदेशीं, असें एखादें वाहन यावयाचें असेल, तर त्यांनीं आधीं एकदां आपल्या शेतांतून पायीं फिरून यावें, एवढी विनंती करून मी आपला निरोप घेतों.